खेकड्याचं फूल

८ फेब्रुवारी, रविवार. फॉर्म भरून देण्याच्या माझ्या दुकानाची मागची खोली रिकामी करणे. उद्या सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन येणार आहे आणि मंगळवारी तिथे झेरॉक्सचं नवं मशीन बसणार आहे. सकाळी सातला पदर खोचला, तोंडाला रुमाल बांधला आणि दार उघडलं.

सात टाइपरायटर, त्यातले दोन रोलरशिवाय. चार मॉनिटर, की-बोर्डांची चळत, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, हस्तलिखित पाटीचा अर्धा तुकडा: ‘नजर कागदावर’. काय द्यायचं आणि काय ठेवायचं हे मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. ठेवायचं काहीच नव्हतं. मी भराभर वस्तू व्हरांड्यात काढायला लागले. तासाभरात अर्धी खोली मोकळी झाली.

मग कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. उलगडलं तर मोनो कार्ड. वीतभर लांब, हिरवं, एका कडेला सोनेरी दातांची रांग. कॉम्प्युटरच्या पोटात हे कार्ड बसायचं आणि पडद्यावर काय उमटायचं ते हे ठरवायचं. रंग एकच, केशरी. त्या सोनेरी दातांवर गंज चढला की पडदा थरथरायचा. मग कार्ड बाहेर काढायचं, पेन्सिलीच्या खोडरबराने दात घासायचे, फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायचं. नाकाजवळ नेलं, तर तोच वास. तापलेली धूळ, थोडं रबर, थोडा कापूस.

कापूस यासाठी, की शहाद्यात तेव्हा हंगामात हवेतच कापूस असायचा. कापसाच्या जिनिंग मिलवरून उडालेले तंतू खिडकीतून येत, प्रिंटरच्या दातऱ्या चाकांत अडकत, मॉनिटरच्या मागच्या फटींत जाऊन बसत. आईने मॉनिटरला झालर लावलेलं पोपटी आवरण शिवलं होतं. की-बोर्डालाही होतं. कॉम्प्युटर आला त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. अण्णांच्या टाइपिंग क्लासची मागची खोली त्याच्यासाठी काढली. दाराला लाल पडदा, जमिनीवर सतरंजीचा तुकडा, आणि बाहेर चपला काढल्याशिवाय आत पाऊल नाही. पुढच्या खोलीत पंधरा टाइपरायटर एकदम खडखडत असत, आणि पडदा सरकवून आत आलं की एका पंख्याची घरघर आणि काळ्या पडद्यावर केशरी अक्षरं. दसऱ्याला त्यावर हळदकुंकू वाहत असू. एका वर्षी कुणीतरी की-बोर्डावर नारळ फोडायला निघालं होतं. अण्णांनी हात धरला.

मी कार्ड पुन्हा कागदात गुंडाळून भंगाराच्या ढिगावर ठेवलं आणि तेवढ्यात नसीम आली.

नसीम आमच्या मागच्या गल्लीतल्या रंगाऱ्यांची सून. गल्लीत एकेकाळी आठ घरं लाकडी ठोकळ्यांनी कापड छापत. आता एकच उरलं आहे, तिच्या सासऱ्यांचं, हुसेनचाचांचं. चाचांची नजर गेल्यापासून ठोकळे कोरण्याचं कामही तीच करते. तिच्या हातावर कोपरापर्यंत लाल रंग होता आणि खांद्यावर एक ओढणी.

‘‘काय वं ताई, दुकान मोडी ऱ्हायनी का?’’

‘‘खोली साफ करतेय. बोल.’’

‘‘गुलीबाई आते बी नही म्हनी ऱ्हायनी.’’ तिने ओढणी माझ्यासमोर टाकली. ‘‘दुसरी डाव. त्या सुरतवाला पोऱ्यानी फूल गोल करी टाकं. दात बी घासी टाकात.’’

मी ओढणी पाहिली. काळ्यावर लाल, आणि किनारीला ओळीने फुलं. सुबक, गोल, गुळगुळीत फुलं. कुठल्याही दुकानात खपतील अशी.

गुलीबाई धडगावच्या वरच्या, डोंगरातल्या एका पाड्यावरची. तिच्या पाड्यातल्या बायका तीस वर्षांपासून चाचांकडूनच ओढण्या नेतात, आणि त्यांना एकच फूल लागतं. त्याला त्या खेकड्याचं फूल म्हणतात, कारण ते चपटं आहे आणि त्याच्या कडेला दात आहेत. त्या फुलाचा ठोकळा मागच्या पावसाळ्यात भुंग्यांनी पोखरला. नसीमने छाप मारला आणि त्याचे दोन तुकडे झाले, आतून पीठ सांडलं. जुन्या ओढण्यांवरून उतरवावं, तर धुऊन धुऊन रंग पसरलेला, दात भरून गेलेले. नसीमने फोटो काढून सुरतेला डिझाइन करणाऱ्या मुलाकडे पाठवले. त्याला वाटलं फोटो दबलाय. त्याने फूल ताणून सरळ केलं, कडा गुळगुळीत केल्या. त्याचा दोष नाही. कॉम्प्युटर शिकलेला माणूस हेच करेल.

‘‘तिला किती दात हवेत ते विचार ना,’’ मी म्हणाले. ‘‘मोजून कोर.’’

‘‘इचारं ना मी! सांगस नही ती.’’

ही गोष्ट मला तेव्हाच कळली. त्यांच्या पाड्यावर नवरी आली की बायका तिच्या ओढणीची किनार तिच्या हातात देतात आणि विचारतात, खेकड्याला दात किती? नवरी मोजते, चुकते, सगळ्या हसतात. बरोबर आकडा मग सासू कानात सांगते. तो आकडा बाहेर सांगायचा नसतो. नसीमने विचारलं तेव्हा गुलीबाई म्हणाली होती, ‘‘ते नवरीला सांगायचं असतं, रंगारणीला नाही.’’

या होळीनंतर पाड्यात पाच लग्नं आहेत. गुलीबाई आज त्यासाठीच उतरली होती, आणि चारच्या धडगाव गाडीने परत जाणार होती. आज फूल पटलं नाही तर गिरणीचं छापील कापड घेऊन जाणार. आणि चाचांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, आज ती ओढण्या न घेता गेली तर रंगाचा हंडा पालथा घालायचा, काम बंद. ज्यांच्यासाठी छापायचं त्यांनाच आपलं काम ओळखू येत नसेल तर छापायचं कशाला?

‘‘ताई, पहिलं फूल तुन्हा डबामा काढेल व्हतं ना?’’ नसीमने विचारलं.

माझा डबा. गल्लीत कॉम्प्युटरला सगळे डबाच म्हणायचे.

होय, पहिलं फूल माझ्याच डब्यात काढलेलं होतं. आणि ते चपटं का होतं, हे जगात फक्त मला माहीत होतं. निदान त्या सकाळपर्यंत मला तसं वाटत होतं.

त्या वर्षी चाचांचा ठोकळे कोरणारा मध्य प्रदेशात निघून गेला होता. चाचांना कोरता येई, पण नवा नक्षा कागदावर आखता येत नसे. ते एका दुपारी अण्णांकडे आले. चपला बाहेर काढल्या, पाय धुतले, आणि लाल पडद्यापाशी स्टूल ओढून बसले. त्यांच्या अंगाला कारखान्याचा वास असे. काळ्या रंगासाठी लोखंडाचे तुकडे आणि गूळ आठवडाआठवडा आंबवत ठेवतात, त्याचा आंबूस, लोखंडी वास. हिवाळ्यात त्यात धायटीच्या फुलांचा वास मिसळे. ती फुलं डोंगरातल्या बायका टोपल्या भरून आणत आणि ती लाल रंगाच्या उकळत्या हंड्यात पडत. माझ्या डोक्यात त्या खोलीला अजून हे दोन्ही वास आहेत, गरम झालेल्या कार्डाचा आणि आंबलेल्या गुळाचा.

कॉम्प्युटरबरोबर चित्र काढायचा एक प्रोग्राम मिळाला होता. माउस नव्हता. बाणांच्या कळा दाबत एकेक ठिपका मांडायचा. चाचा मागून सांगत, ‘‘अजून एक बाजूला, बेटी. आता खाली.’’ आठ दुपारी लागल्या. दोनदा लाइट गेली आणि काढलेलं अर्धवट राहिलं. तिसऱ्या वेळी फूल पुरं झालं. केशरी, गोल, पडद्याच्या मधोमध. चाचा उठून उभे राहिले होते.

मग छापायची वेळ आली. प्रोग्राम विचारायचा, एकेरी की दुहेरी? दुहेरीत प्रिंटरच्या सुया प्रत्येक ओळ एकाखाली एक दोनदा मारत आणि रिबनची शाई दुप्पट जाई. आदल्याच दिवशी अण्णांनी रिबनवरून मला फैलावर घेतलं होतं, सगळ्या क्लाससमोर. मी ‘एक’ दाबलं. प्रिंटर भरभर धावला, आणि कागदावर आलं ते फूल नव्हतं, फुलावर कुणी बसल्यासारखं काहीतरी होतं. रुंदीला तेवढंच, उंचीला निम्मं.

मोनो कार्डाचे ठिपके चौकोनी नसतात, उभट असतात, हे मला नंतर कळलं. पडद्यावर जे गोल दिसतं ते खरं तर कमी ओळींत बसवलेलं असतं. दुहेरी छापलं की ते कागदावर गोलच येतं. एकेरी छापलं की बसतं. चूक दोन कळांमधल्या एका कळेची होती. पण चाचांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, ‘‘कार्डाचा आणि प्रिंटरचा मेळ बसत नाही. कॉम्प्युटरमध्ये असंच येतं.’’

चाचांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. कॉम्प्युटर म्हणतोय तर तसं. त्यांनी तो कागद खळीने शिसवाच्या ठोकळ्यावर चिकटवला आणि जसाच्या तसा कोरला. ठिपक्यांच्या पायऱ्यासुद्धा. पाकळीच्या तिरक्या कडेला ज्या पायऱ्या दिसत होत्या, त्या सगळ्या लाकडात उतरल्या. त्या ठोकळ्याने पन्नास ओढण्या छापून, गोमाई नदीच्या पाण्यात धुऊन, वाळूवर वाळवून त्यांनी धडगावच्या बाजारात नेल्या. नदीच्या पात्रात काळ्या-लाल ओळी अंथरलेल्या मी पुलावरून पाहिल्या होत्या आणि मला लाजेने मान वर करवली नव्हती. पन्नास बसकी फुलं, एकाखाली एक.

बाजारात कुणी हात लावीना. मग एका बाईने एक उचलली, हसून मैत्रिणीला दाखवली आणि म्हणाली, हा तर खेकडा! पुढच्या बाजाराला तिच्या पाड्यावरच्या सगळ्या आल्या.

तर असं ते फूल. मी व्हरांड्यात उभी राहून ढिगाकडे पाहिलं. अकरा वाजले होते.

‘‘किती वाजता जाते ती? चारला ना?’’

‘‘चारले.’’

‘‘मग प्रिंटर उचल. माझी पाठ धरलीय.’’

मोनो कार्डाचा जुना कॉम्प्युटर कधीच संपला होता. त्याचा मॉनिटर फुटला तेव्हा पोरांनी त्यात कबुतरं पाळली. पण दुसरा, नंतर घेतलेला रंगीत पडद्याचा, मी टाइपिंगच्या परीक्षांसाठी बरीच वर्षं चालवला होता. जुन्यातल्या सगळ्या फायली मी त्याच्यात भरून घेतल्या होत्या. तो टेबलावर चढवला. बटण दाबलं. पंखा खरखरला, मग फिरला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली. नसीमने टाळी वाजवली.

‘‘थांब,’’ मी म्हणाले. ‘‘टाळ्या नंतर.’’

फायलींची यादी काढली. FUL1, FUL2, FUL3. तिन्ही होत्या. प्रोग्रामचं नाव टाइप केलं, एंटर दाबलं, आणि पडदा काळा झाला. काळाच राहिला.

हे मी जाणून होते. रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर आला त्या दिवशीही हेच झालं होतं. आम्ही पेढे वाटले होते, चाचा नवं फूल काढायला आले होते, आणि पडदा असाच काळा पडला होता. तो प्रोग्राम फक्त मोनो कार्डासाठी लिहिलेला. चित्र तो थेट मोनो कार्डाच्या जागी नेऊन ठेवायचा. रंगीत कार्डाची जागा वेगळी. म्हणजे जुन्या भाडेकरूच्या पत्त्यावर पत्रं पडत राहावीत आणि नव्याला एकही मिळू नये. तेव्हा आम्ही अर्धा तास वाट पाहिली आणि प्रोग्राम बंद पडला असं ठरवून टाकलं. चाचा स्टूल जागेवर ठेवून, चपला घालून निघून गेले. पुन्हा कधी त्या खोलीत आले नाहीत.

‘‘काहीच दिसस नही,’’ नसीम म्हणाली.

‘‘दिसणार नाही.’’

मी बंद करायला बोट बटणावर नेलं आणि सवयीने आधी बाहेर पडायची कळ दाबली. डब्यातून आवाज आला. टूं.

मी बोट मागे घेतलं. दुसरी कळ दाबली. टूं टूं.

प्रोग्राम बंद पडला नव्हता. तो चालू होता, आत्ताही आणि त्या पेढ्यांच्या दिवशीही. फक्त त्याचं तोंड दिसत नव्हतं. आणि अण्णांच्या क्लासमध्ये आम्ही वर्षानुवर्षं काय शिकवलं होतं? कळांवर फडकं टाकून बोटांनी टाइप करायचं. नजर कागदावर. पडदा लागतो कुणाला? छपाई तर फाइलमधून सरळ प्रिंटरला जात असे, पडद्याला न विचारता.

अडचण एकच. कोणत्या कळेनंतर कोणती, ते मला पुरतं आठवत नव्हतं. मी एकदा प्रयत्न केला, मध्येच काहीतरी अडलं, आणि टूं टूं टूं करत प्रोग्राम गप्प बसला. पुन्हा चालू केला. पुन्हा तिथेच अडला. बारा वाजून गेले.

‘‘चाचांना आण,’’ मी म्हणाले.

‘‘अब्बाले? त्यासले दिसस कोठे?’’

‘‘मलाही काही दिसत नाहीये. आण.’’

नसीम त्यांना हाताला धरून घेऊन आली. दाराशी चाचांनी पायांनीच चाचपून चपला काढल्या. आता तिथे पडदाही नाही आणि सतरंजीही नाही.

‘‘काढू नका चाचा, खाली कचरा आहे.’’

‘‘ऱ्हाऊ दे बेटी. आत डबा शे ना?’’

मी स्टूल दिलं. ते बसले, काठी मांडीवर आडवी घेतली आणि मान थोडी तिरकी केली. मी प्रोग्राम सुरू केला. टूं. फाइलची कळ. टूं टूं.

‘‘नाव टाक,’’ चाचा म्हणाले.

‘‘कितवं?’’

‘‘तिसरं. पहिलं दोन्हीसना टाइमले लाइट गयथी.’’

FUL3. एंटर. डिस्क आत कुरकुरली.

‘‘आते ते कुरकुर थांबू दे. थांबं? आते एकदाव वाजी.’’

टूं.

‘‘आठे तू थांबायची,’’ चाचा म्हणाले. ‘‘आन् एक कळ दाबायची. मंग पुढे जायची.’’

इथेच मी अडत होते. एक कळ. कोणती? मी डोळे मिटले. केशरी पडद्याच्या तळाशी एक ओळ असे, तिच्या शेवटी प्रश्नचिन्ह. काळ्याचं पांढरं करायचं का, असं काहीतरी. आणि आम्ही नेहमी नाही म्हणायचो. मी N दाबलं.

टूं टूं.

‘‘हां!’’ चाचा म्हणाले. नसीम म्हणाली, ‘‘माय वं!’’

आता प्रिंटर. रिबन वाळून सुतळी झाली होती. दुकानात मिळायची नाही, रविवार आणि त्यातही ते मॉडेल. पण क्लासमध्ये सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल कापताना आम्ही रिबन काढूनच टाइप करायचो, अक्षर सरळ मेणकागदावर. मी रिबन काढून टाकली, कोऱ्या कागदावर कार्बन पेपर ठेवला, दोन्ही कागद रोलरमध्ये बरोबर सरकवले आणि कडा चिकटपट्टीने बांधल्या. कार्बनचे जेमतेम तीन कागद उरले होते, त्यातला एक फाटका.

छपाईची कळ दाबली. टूं टूं. एकेरी की दुहेरी, तो विचारत होता. मी दोन दाबलं आणि एंटर मारलं. प्रिंटरचं डोकं जाऊन एका टोकाला आपटलं आणि घासत घासत, जडपणाने चालायला लागलं.

‘‘थांबाड,’’ चाचा म्हणाले.

‘‘काय झालं?’’

‘‘हाई दुहेरी शे. आवाज जड शे. तू त्या दिनले एकेरी दाबेल व्हतं.’’

मी प्रिंटर बंद केला. कागद बाहेर काढला. अर्धं फूल आलं होतं, आणि ते अर्धं अगदी गोल होतं. त्या एका चुकीनंतर मी आयुष्यभर न चुकता दोनच दाबत आले होते. हाताला तेच वळण पडलेलं.

मी चाचांकडे वळले. नसीम आणखी कार्बन मिळतो का ते पाहायला बाहेर गेली होती.

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘आवाज वेगळाच व्हता ना. आदल्या दिनले तू दुहेरी काढी ऱ्हायनी व्हती तवय जड वाजे. माले लिहिता येस नही बेटी, ऐकू तर येस.’’

‘‘मग कोरलंत कशाला? परत काढ म्हणायचं होतं.’’

चाचांनी काठीची मूठ अंगठ्याने घासली. ‘‘आदल्या दिनले अण्णा तुले रिबनवरथून कितलं बोलनात. पोरं हासी ऱ्हायनात. मी आठेच बशेल व्हतो. परत काढ म्हनतो तर परत बोलतात.’’ काठी त्यांनी पुन्हा मांडीवर आडवी घेतली. ‘‘लाकूड काय, दुसरं मिळस.’’

घड्याळात सव्वा वाजला होता. मी दुसरा कार्बन लावला. सगळं पहिल्यापासून. टूं. टूं टूं. तिसरं फूल. कुरकुर. टूं. N. टूं टूं. छपाई. टूं टूं. एक. एंटर.

प्रिंटर हलका, भरभर धावला. त्या खोलीत तो आवाज तीस वर्षांनी झाला. चाचा हसले आणि काठीने जमिनीवर ताल धरला, ठोकळा मारताना धरतात तसा. छाप, उचल, छाप, उचल.

कार्बन काढला तर खाली ते होतं. जांभळं, बसकं, दातेरी. नसीमने कागद उचलला. तिने नखाने एका पाकळीच्या पायऱ्यांवरून हळूच चढउतार केला, जणू पटाशी कशी लावायची ते बघत होती.

एसटी स्टँडवर आम्ही अडीचला पोचलो. गुलीबाई पाण्याच्या टाकीपाशी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत केळी, आणि शेजारी गिरणीच्या कापडाचं एक गाठोडं. म्हणजे घेऊन झालं होतं. नसीमचा चेहरा उतरला.

‘‘घेतलं का गं बाई?’’ मी विचारलं.

‘‘बघायला आणलं दुकानातून,’’ गुलीबाई म्हणाली. ‘‘दुकानदार म्हणाला चार वाजेपर्यंत परत आण नाहीतर ठेव.’’ मग नसीमकडे पाहून, ‘‘परत गोलच आणलंस?’’

नसीमने कागद पुढे केला.

गुलीबाईने तो हातात घेतला नाही. आधी मान वाकवून पाहिला. मग पिशवी खाली ठेवली, पदराने हात पुसले, आणि कागद मांडीवर पसरला. अंगठा पाकळीवर आडवा ठेवला, मग उभा. मग तर्जनीने एका कडेपासून सुरुवात केली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एकदा मध्येच चुकली असावी, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. स्टँडवर नंदुरबारची गाडी लागली, माणसं आमच्या अंगावरून धावली, कुणाची तरी कोंबडी सुटली. ती मोजत राहिली.

मोजून झाल्यावर तिने कागद नीट घडी घालून नसीमला परत दिला.

‘‘हा खेकडा,’’ ती म्हणाली. ‘‘एवढे दिवस कुठे होता?’’

‘‘ह्या बाईना डबामा,’’ नसीम म्हणाली.

‘‘डब्यात?’’ गुलीबाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या केसांत जळमटं होती आणि दोन्ही हात कार्बनने काळे. ‘‘झाकण घट्ट लाव मग. पाच ओढण्या. होळीच्या बाजाराला मी येईन. आणि रंगारीण, तू मोजू नको हां!’’

‘‘कोरता कोरता मोजणारच मी,’’ नसीम म्हणाली.

‘‘मग कुणाला सांगू नको.’’

ती गाठोडं उचलून दुकानाकडे निघाली, कापड परत करायला.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी सहाला उठले. नसीमच्या घरून पटाशीवर हातोडी पडण्याचा आवाज येत होता, म्हणजे तिने माझ्याआधीच सुरुवात केली होती. नऊला भंगारवाला आला. त्याला टाइपरायटर दिले, बाकीचे मॉनिटर दिले, की-बोर्ड दिले. तो टेबलावरच्या कॉम्प्युटरला आणि प्रिंटरला हात घालायला लागला तेव्हा म्हटलं, ते नाही. मोनो कार्डही ढिगातून काढून घेतलं. त्याचा उपयोग काही नाही. झेरॉक्सच्या माणसाला फोन करून मशीन पुढच्या खोलीत बसवायला सांगितलं. तिथे जागा कमी आहे, पण होईल.

मग कागदाची एक पट्टी हाताने लिहिली, ओळीने सगळ्या कळा आणि प्रत्येकीपुढे किती वेळा वाजतं ते. शेवटी लिहिलं: छपाई विचारेल तेव्हा १ दाबणे. २ नाही. ती पट्टी मॉनिटरच्या काळ्या काचेवर चिकटवली, कारण तिथे दुसरं काही दिसायचं नाहीच. फाटक्या कार्बनवर तिसरं फूल काढून कपाटात ठेवून दिलं, ठोकळा पुन्हा कधी पोखरला तर असावं म्हणून.

ठेवण्याआधी मी दात मोजले. दोनदा मोजले, आकडा तोच आला. तो इथे लिहीत नाही. दुकानाचं शटर वर केलं, फॉर्म भरायला आलेली माणसं बाहेर उभी होती.